दिवाणखान्यातलं रान

रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, सोसायटीच्या वॉचमननं काठी आपटत पहिली फेरी पुरी केलेली असते, आणि माझी लेक भोपळ्यांना पाणी घालत असते. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात माती म्हणाल तर तुळशीच्या कुंडीत आहे तेवढीच. त्या तुळशीला पाणी घालायची आठवण मी लेकीला ती शाळेत असल्यापासून करत आलो आहे, आणि तुळस अजून जिवंत आहे ती केवळ तिच्या आईच्या आणि वळवाच्या कृपेनं. भोपळ्यांची पाळी मात्र एकदाही चुकत नाही. भोपळे टीव्हीच्या पडद्यावर आहेत, झारीही पडद्यावरच, आणि झारीतलं पाणी पडलं की माती गडद होते, ओल्या चहापत्तीसारखी. तो रंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नकळत श्वास आत ओढून घेतला होता. वास आला तो डासांच्या कॉइलचा.

खेळाचं नाव स्टारड्यू व्हॅली. त्याची सुरुवात एका आजोबांपासून होते. मरणाच्या अंथरुणावरचे आजोबा नातवाच्या किंवा नातीच्या हाती एक मोहोरबंद लिफाफा देतात आणि सांगतात, जगणं अगदीच जड झालं की उघड. मग वर्षं जातात, नातवंड एका बड्या कंपनीत रांगेनं मांडलेल्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीत बसलेलं दिसतं, आणि एके दिवशी ते खण उघडून लिफाफा फोडतं. आत गावाकडच्या शेताचं दान. नोकरी सोडून ते पेलिकन टाउन नावाच्या गावात येतं, खिशात 500 मोहरा, रानात दगड-धोंडे आणि तण. गावचा मेयर, म्हणजे आपल्या भाषेत सरपंच, पार्सनिपच्या 15 बिया भेट पाठवतो. पार्सनिप म्हणजे गाजराचा गोरा चुलतभाऊ. तो चार दिवसांत तयार होतो आणि खेळणाऱ्याला वाटतं, अरे, आपल्याला शेती येते की! पडद्यावरचा माणूस कंपनीतल्या खुर्चीला कंटाळून शेताकडे निघतो हे पाहायला माझी लेक हिंजवडीतल्या खुर्चीवरून उठून, दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून, घरातल्या खुर्चीत येऊन बसते.

आमच्याही घराण्यात एक आजोबा होते आणि एक शेत होतं. माझ्या आईच्या वडिलांचं, जुन्नर तालुक्यात, विहिरीवरचं. त्यांनी लिफाफा ठेवला नाही. ते गेल्यावर आईनं तलाठी कार्यालयाच्या कट्ट्यावर बसून हक्कसोडपत्रावर सही केली, मामानं तिला साडी नेसवली, मामीनं ओटी भरली, आणि बहीण-भावाचं नातं पुढे आयुष्यभर गोड राहिलं. मला तो दिवस आठवतो तो लाकडी पेटीतल्या बर्फाच्या कांडीसाठी. पडद्यावरच्या शेताला मात्र वारसनोंद नाही, फेरफार नाही, सातबारा नाही. नात असो वा नातू, आजोबांनी दिलं म्हणजे दिलं. लेकीनं पहिल्यांदा खेळ सुरू केला तेव्हा मी अगदी सहज विचारलं होतं, “आणि याला भाऊबंद किती?” ती म्हणाली, “बाबा, हा खेळ आहे.” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

हे सगळं गाव एकट्या माणसानं वसवलेलं आहे. एरिक बरोन त्याचं नाव. 2011 साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा शाखेतून तो संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडला. मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून हात बसावा यासाठी त्यानं एक छोटासा खेळ करायला घेतला. छोटासा म्हणता म्हणता साडेचार वर्षं गेली. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गावकऱ्यांची बोलणी त्याची, भोपळ्याच्या वेलाचं पानन् पान त्याचं. संध्याकाळी तो सिअॅटलच्या पॅरामाउंट थिएटरात लोकांना त्यांच्या खुर्च्या दाखवायचं काम करी, आणि घर चालत होतं ते मुख्यतः त्याच्या मैत्रिणीच्या पगारावर. 26 फेब्रुवारी 2016 ला खेळ बाजारात आला. 2024 संपेपर्यंत त्याच्या 4 कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. त्याला नाद लागला होता तो 1996 सालच्या एका जपानी खेळाचा, बाहेर ज्याला हार्वेस्ट मून म्हणत. तो केला यासुहिरो वादा यांनी, आणि हे वादा मूळचे क्यूशू बेटावरच्या मियाझाकीचे, टोकियोत येऊन राहिलेले. म्हणजे टोकियोत बसून एकाला गाव आठवलं, ते आठवणं सिअॅटलच्या मुलानं उचललं, आणि आता पुण्यात माझी लेक त्या आठवणीला पाणी घालते आहे. इतकी जुनी, इतक्या हातांतून आलेली हुरहुर मी फक्त एकदा पाहिली आहे, आईच्या पैठणीत. तीही मूळ आईची नव्हती.

माझे हातही या मातीत अगदीच न मळलेले नाहीत, हेही सांगून टाकतो. 2010च्या सुमारास आम्ही बँकेतले सगळे फेसबुकवर फार्मव्हिल खेळत होतो. दुपारच्या डब्यानंतर कॅश काउंटरमागे हळूच कापणी व्हायची. तिथे चार दिवस फिरकलं नाही तर उभं पीक वाळून जाई, म्हणून एका सहकाऱ्यानं मुलीच्या लग्नाच्या सीमांतपूजनात, विहीणबाईंच्या साक्षीनं, फोनवर स्ट्रॉबेरी काढली होती. 31 डिसेंबर 2020 ला फेसबुकवरचं ते शिवार कायमचं बंद झालं. माझ्या तीन गायी आणि एक गुलाबी कुंपण त्यात गेलं. नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा असतो कोण जाणे.

तर, या वर्षी मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पंधरा दिवस राहायला आले. वय 78, डोक्यावर टोपी, आणि ऑपरेशननंतर डोळ्यांवर तो हिरवट काळा चष्मा, ज्यामुळे माणूस एकदम जुन्या हिंदी सिनेमातला तस्कर दिसतो. डॉक्टरांनी टीव्ही पाहू नका म्हणून बजावलं होतं. मामांचं म्हणणं पडलं की टीव्ही म्हणजे बातम्या आणि मालिका, पोरीचं रान बघायला काही हरकत नसावी. लेकीनं त्यांच्यासाठी नवं शेत सुरू केलं. वसंत ऋतू, तारीख 1. मामा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले, चष्मा सारखा केला आणि बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, “पानी कुठून धरती गं?”

“झारीनं, आजोबा. तळ्यावरून भरून आणायचं.”

“आन् लाईट कधी येती?”

लेकीला प्रश्न कळेना. मला कळला. मामांच्या गावात शेतीची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाराला उठायचं, बॅटरी घ्यायची, मोटार चालू करायची आणि उसात, कांद्यात पाणी फिरवायचं. जुन्नरच्या उसात बिबट्या कुटुंबकबिल्यासह राहतो हे आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामुळे पाणी धरायला जाणारा माणूस मोबाइलवर भजन मोठ्यानं लावून जातो. पांडुरंगाला ऐकू जावं हा त्यातला दुय्यम हेतू. लेकीनं समजावलं की इथे विजेचा प्रश्न नाही, आणि रात्री दोन वाजले की पडद्यावरचा माणूस चक्कर येऊन जागच्या जागी पडतोच. मग कुणीतरी त्याला उचलून घरी आणून टाकतं, थोडे पैसे जातात, आणि सकाळी तसं पत्र येतं.

“दोनला पडतो?” मामा म्हणाले. “मंग आमची पाळी असती तर याचं निम्मं रान कोरडं ऱ्हायलं असतं.” आणि थोडं थांबून, “बिबटं?”

“बिबट्या नाही. कावळे येतात. बुजगावणं उभं केलं की तेही येत नाहीत.”

मामांनी त्या माणसाकडे पाहिलं, सरकारी नोकरी लागलेल्या भाच्याकडे पाहावं तसं.

पण त्यांना खरा धक्का बसला तो विक्रीच्या वेळी. शेताच्या कडेला एक लाकडी पेटी असते. जे काही पिकलं ते दिवसभरात तिच्यात टाकायचं आणि झोपायचं. रात्री मेयर येऊन माल घेऊन जातो, सकाळी पैसे जमा. अडत नाही, तोलाई नाही, हमाली नाही, ‘उद्या या, आज गिऱ्हाईक नाही’ नाही. पार्सनिपचं बी 20 ला आणि माल 35 ला, कितीही टाका, उद्या टाका, पुढच्या वर्षी टाका. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजी पेरायच्या आदीच भाव ठाऊक?” ते कुठे गेले होते हे मला समजत होतं. 2023च्या मे महिन्यात टोमॅटोला तोडणीची मजुरीही सुटेना, म्हणून त्यांनी उभा प्लॉट उपटून बांधावर टाकला. जुलैत नारायणगावच्या बाजारात त्याच टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटला दोन दोन हजार मिळू लागले. त्या दोन महिन्यांच्या मधल्या फटीत मामा अजून अधूनमधून पडतात. लेक त्यांना सांगत होती की या शेतात टोमॅटोही येतो, उन्हाळ्यात, एकदा लावला की पुन्हा पुन्हा धरतो, नगाला 60. मामांनी हात वर करून तिला थांबवलं. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “तेवढा नगं लावू.”

नंतर मी विचार करत राहिलो की बरोन या माणसाला शेतीतलं नेमकं काय कळलं होतं. घाम त्यानं ठेवला आहे. झारी चालवली की अंगातली शक्ती दोन-दोनानं उतरते, कुऱ्हाड चालवली तरी उतरते. पाऊस ठेवला आहे, उन्हाळा-हिवाळा ठेवला आहे. फक्त एक गोष्ट त्यानं अलगद काढून घेतली, मुरंब्यातल्या आंब्याची कोय काढावी तशी. घरातल्या टीव्हीवर उद्याच्या हवामानाचा अंदाज लागतो आणि तो खरा ठरतो. ‘तुरळक ठिकाणी’ नाही, ‘शक्यता’ नाही. उद्या पाऊस म्हणजे उद्या पाऊस. मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले, खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. एवढं मोठं खोटं कुणी तोंडावर सांगितलं की आपण त्याच्या हिमतीला हसतो तसं.

या खेळाच्या भक्तांत मात्र हवामानावरून वाद नाही. वाद आहे तो जगावं कसं, यावर. लेकीचा एक पाच-सहा जणांचा कंपू आहे, कुणी बंगळूरला, कुणी डब्लिनला. त्यातला एक फक्त मासे धरतो. शेतात गुडघाभर तण माजलंय आणि हा पावसात नदीकाठी गळ टाकून उभा. दुसरीला मासेमारीचा इतका तिटकारा की नुसता विषय निघाला तरी ती कॉल सोडते. एक जण द्राक्षापासून सगळ्याची दारू गाळून कोट्यधीश झाला आहे आणि तरी असमाधानी आहे. बुधवारी पियरेचं दुकान बंद असतं, हे विसरून बियांसाठी गावभर धावलेला प्रत्येक जण दुसऱ्याला ती आठवण शाळेतल्या छडीसारखी कौतुकानं सांगतो. जोजा नावाच्या बड्या दुकानाचं सभासदत्व 5000 मोहरा भरून घेतलं तर गावाचं जुनं समाजमंदिर कायमचं गोदाम होतं. ते घेणाऱ्याशी बाकीचे दोन आठवडे बोलले नव्हते. सोसायटीच्या निवडणुकीनंतर आमच्या जिन्यात असते तशी शांतता. आणि एक मुलगी आहे, रुग्णालयात रात्रपाळी करणारी. ती खेळत काहीच नाही. पावसाचा दिवस आला की घरात उभी राहून ऐकते आणि बंद करते. बाकीचे तिला हसतात, पण मला वाटतं, त्यांच्यात शेती समजलेली तीच असावी.

आमच्या लेकीचा पंथ एक्सेलवाल्यांचा. दिवसभर कंपनीत तक्ते भरून आलेली ही मुलगी विसाव्यासाठी घरी जो खेळ खेळते त्याचाही तिनं तक्ता केला आहे. खेळातला ऋतू 28 दिवसांचा, दिवस घड्याळी साधारण 14 मिनिटांचा. भोपळा शरदातला, 13 दिवसांचा. 1 तारखेला लावला तर 14 ला निघतो, त्याच दिवशी पुन्हा लावला तर 27 ला. 28 तारीख सरली की हिवाळा, आणि त्या पहिल्या सकाळी रानात जे उभं असेल ते वाळून कोळ. ज्या दिवशी पाणी चुकलं तो दिवस भोपळ्याच्या वयात धरला जात नाही. यासाठी तक्त्यात एक वेगळा रकाना आहे, त्याचं नाव ‘वाया’. मी एकदा म्हटलं, “अगं, हे तू विश्रांतीसाठी खेळतेस ना?” ती मान न वळवता म्हणाली, “हो. डिस्टर्ब करू नका.”

मामांना तक्त्यात रस नव्हता. त्यांना गाव आवडलं. चाकाच्या खुर्चीतला एक तिरसट म्हातारा आहे, जॉर्ज. त्याला लीक नेऊन दिलं, म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ, की तो विरघळतो. मामा म्हणाले, “आमच्या तात्याला तंबाखू दिली की असंच.” सरपंचाची जांभळी चड्डी हरवते आणि ती शोधून गुपचूप परत करायची असते, ती कुणाच्या घरात सापडली हे कळल्यावर मामांनी मिशीतल्या मिशीत जे केलं त्याला हसणं म्हणत नाहीत, त्याला अनुभव म्हणतात. लग्नाचं मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं. गावात लग्नाचे बारा जण आहेत, सहा मुली, सहा मुलगे, आणि बाराच्या बारा शेतकऱ्याशी लग्नाला तयार. फक्त आधी घर वाढवावं लागतं, 10,000 मोहरा आणि 450 लाकडं. “घर तं आमीबी वाढावलं,” मामा म्हणाले. त्यांचा नातू 31 वर्षांचा आहे, निर्व्यसनी, दोन एकर ठिबक, चार खोल्यांचा स्लॅब. मुलीकडचे येतात, चहा घेतात, पुण्यात फ्लॅट आहे का विचारतात आणि जातात. 2022च्या डिसेंबरात सोलापूरला लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, तेव्हा या पोरानं तो व्हिडिओ मला पाठवला होता, खाली नुसता हात जोडल्याचं चित्र. इथे आठवड्याला दोन भेटी द्यायच्या, आवडनिवड लक्षात ठेवायची, की माणसाच्या नावापुढचं हृदय भरत जातं, दहापर्यंत. मामांनी एवढंच विचारलं, “शिक्षण ईचारीत न्हाईत?”

गायीही आहेत. रोज सकाळी गोठ्यात जाऊन प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवावा लागतो, मग तिच्या डोक्यावर छोटंसं हृदय उमटतं. संपूर्ण खेळात मामांनी जिला निःशंक पसंती दिली अशी ही एकच गोष्ट. “हे बराब्बर हाय,” ते म्हणाले. “हात फिरावल्याबिगर जनावर पान्हवत न्हाई.” मग हळूच विचारलं, “म्हातारी झाली की काय करत्यात?”

“म्हाताऱ्या होतच नाहीत, आजोबा.”

मामांनी चष्मा काढला आणि ऑपरेशनच्या डोळ्याला पंचाचं टोक लावलं. डोळ्याला हात लावू नका असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं. आम्ही दोघं दुसरीकडे पाहू लागलो. त्यांची शेवटची बैलजोडी बाजारात नेली त्या पहाटे मी सुट्टीला तिथेच होतो. जाताना त्यांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता, आणि ते मला तेव्हा फार कोरडेपणाचं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी नातू मोटरसायकलवर त्यांना न्यायला आला. आपल्याकडे गावच्या माणसाशी फोन लागला की ‘हॅलो’नंतर पाऊसच येतो. मामा आधी स्वतःकडचा सांगतात, मग पुण्यातला विचारतात. त्या रात्री या दोन पावसांच्या मागे तिसरा आला. “आन् पोरीच्या रानात? झाला का?”

मी फोन स्पीकरवर टाकला. लेक झारी भरून भोपळ्यांच्या सरीत उभी होती. शरदातली 20 तारीख, दुसरी लागवड. पुरेसे स्प्रिंकलर अजून झाले नव्हते. तिनं सांगितलं, “आज नाही झाला, आजोबा. पण उद्या आहे. टीव्हीवर दाखवलाय.”

“उद्या हाय तं आज कशाला पानी धरती? आभाळ करील की. झोप जा.”

आता, या खेळात तसं चालत नाही. आजचं पाणी आजच लागतं. उद्याचा पाऊस उद्याच्या हिशेबात. हे तिनंच मला शिकवलेलं. मला वाटलं ती समजावून सांगेल. तिनं एकदा लॅपटॉपवरच्या तक्त्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे.

“बरं, आजोबा,” ती म्हणाली. झारी खाली ठेवली, गायींच्या पाठीवरून हात फिरवला आणि पडद्यावरच्या माणसाला संध्याकाळी आठलाच नेऊन झोपवलं.

भोपळे 27 तारखेला निघाले नाहीत. 28 ला निघाले, हिवाळ्याच्या आदल्या दिवशी, सगळे. ती आंघोळीला गेली तेव्हा मी चोरून तिचा तक्ता उघडून पाहिला. ‘वाया’च्या रकान्यात तो दिवस तिनं मांडलेला नव्हता.